वसईचें गहाण रुपें

सावेडी हें एके काळीं नगर शहराच्या वेशीबाहेरचें खेडें होतें. आतां तें शहरांत इतकें मिसळून गेलें आहे कीं, वेस कोठें संपली आणि खेडें कोठें सुरू झालें हें नवख्या माणसास सांगतां येणार नाहीं. या सावेडींतल्या एखाद्या ख्रिस्ती घरीं जाऊन 'तुमच्या देवळांत जुनें रुपें काय काय आहे?' असें कोणी विचारलें, तर घरचीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. रुपें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें येतात ते देवाचे टाक, प्रभावळी, चवऱ्या आणि पालखीचे दांडे. ख्रिस्ती देवळांतहि रुपें असतें, त्यावर दात्यांचीं नांवें असतात, आणि त्या रुप्याला स्वतःचा असा एक इतिहास असतो, हें पुष्कळ सुशिक्षितांच्याहि ध्यानांत नसतें.

नगरकडे असें रुपें सहसा दिसत नाहीं याचें कारण उघड आहे. येथें १८३१ सालीं जे अमेरिकन मिशनरी येऊन राहिले ते साध्या उपासनेच्या संप्रदायाचे होते. वेदीवर झगमगाट नसावा, प्रार्थनेच्या आणि ग्रंथाच्या आड कांहीं येऊं नये, हा त्यांचा बाणा. त्यांच्याभोंवतीं जी मंडळी जमली तींत पुढें बहुसंख्य लोक खेड्यापाड्यांतले, गांवकुसाबाहेर राहणारे आणि हातावर पोट असलेले होते. त्यांनीं शाळा उभ्या केल्या, देवळें उभीं केलीं; रुपें घडविण्याइतकें शिल्लक त्यांच्या गांठीं नव्हतें.

तेव्हां रुप्याचा माग काढावयाचा तर दोन वाटा आहेत. एक घाट उतरून वसईस आणि तेथून गोमांतकांत जाते. दुसरी, ज्या मुलखांतून नगरास मिशनरी आले त्या अमेरिकेच्या न्यू इंग्लंडकडे जाते. पहिली वाट जवळची आणि मराठी माणसाच्या जिव्हारीं अधिक लागणारी. म्हणून आधीं तीच धरूं.

वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली १५३४ सालीं, गुजराथच्या बहादुरशहाशीं झालेल्या तहानें. त्यानंतर दोनशें वर्षें ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होती. किल्ल्याच्या तटांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ आणि देवळें एकाशेजारीं एक उभीं होतीं. या देवळांचे आश्रयदाते म्हणजे फिदाल्गु, अर्थात् पोर्तुगालच्या खानदानी घराण्यांतले लोक. आसपासचीं गांवें सरकारानें यांना ठराविक वार्षिक खंडावर लावून दिलेलीं असत, आणि कित्येक गांवें वंशपरंपरेनें दोन-तीन पिढ्या एकाच घरांत राहत. असें एखादें घर श्रीमंत झालें कीं आपल्या पंथाच्या देवळांत एक कोनाडा, एक वेदी किंवा जमिनींतली एक थडग्याची जागा आपलीशी करी, आणि त्या वेदीसाठीं रुपें देई.

हें रुपें म्हणजे काय काय, तें सांगितलें पाहिजे. मिस्सेच्या वेळीं द्राक्षारस ज्यांत ओततात तो प्याला, आणि त्यावरची तबकडी, पवित्र भाकरी लोकांना दर्शनासाठीं दाखविण्याचें किरणांच्या प्रभावळीचें पात्र, वेदीपुढें अहोरात्र तेवणारा टांगता दिवा, मिरवणुकीचा उंच क्रूस, शमादानांच्या जोड्या, धुपाटणें आणि तीर्थ शिंपडण्याची झारी. मरणाच्या दारीं असलेला मनुष्य मृत्युपत्र करी, आपल्या आत्म्यासाठीं इतक्या मिस्सा म्हणाव्या म्हणून रक्कम लावून देई, आणि दिवा दिला असेल तर तेलासाठीं एखादें शेत किंवा वाडी तोडून देई. आपल्याकडे नंदादीपासाठीं इनाम देत त्यांतलाच हा प्रकार. पात्राच्या बुडाशीं घराण्याचें चिन्ह किंवा नांव कोरलें जाई.

नांव फिदाल्गुचें असे हें खरें; परंतु त्या रुप्याचा पैसा कोठून आला हेंहि एकदां विचारावें. साष्टी आणि वसईच्या खाजणांत कंबरभर चिखलांत उभा राहून जो भात लावी, त्याच्या खंडांतून तो आलेला होता. त्या माणसाचें नांव कोणत्याहि प्याल्यावर कोरलेलें नसणार, आणि त्याची भाषा मराठीच होती.

१७३७ च्या वसंतांत मराठ्यांनीं ठाणें आणि साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभीं माहीम, तारापूर, अशेरी हीं ठाणीं एकामागून एक पडलीं आणि चिमाजी आप्पानें वसईला वेढा घातला. या वेढ्याची हकीकत प्रत्येक मराठी मुलानें शाळेंत ऐकलेली आहे. सुरुंग, तटाला पडलेलीं भगदाडें, पुन्हां पुन्हां केलेले हल्ले आणि दोन्ही पक्षांकडील भयंकर प्राणहानि, हें सर्व आपण अभिमानानें सांगतों, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु त्याच दिवसांत तटाच्या आंत काय चाललें होतें, ती हकीकत शाळेच्या पुस्तकांत येत नाहीं.

आंत पैसा संपला होता. शिपायांचे पगार थकले होते. गोव्याहून मदत येणें कठीण, कारण गोव्यावरहि त्याच सुमारास मराठ्यांची स्वारी चालू होती. वसईकरांनीं शेजारच्या मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरले. मुंबईची तेव्हांची कौन्सिल व्यवहारांत पक्की होती. जिंकणाऱ्या बाजीरावाशीं वैर नको म्हणून तिनें माणसें देण्याचें साफ नाकारलें. पैशांच्या बाबतींत मात्र तिनें अगदींच पाठ फिरविली नाहीं. पंधरा हजार रुपये कर्ज मिळालें; पण तें तारणावर. तारण काय? देवळांतलें रुपें, आणि तटावरून उतरविलेल्या कांहीं पितळी तोफा.

हें वाक्य मुंबई इलाख्याच्या जुन्या इतिहासांत एका ओळींत येऊन जातें, आणि वाचणाराहि पुढें जातो. येथें क्षणभर थांबलें पाहिजे. त्या काळचा रुपया हा स्वतःच एक तोळ्याच्या जवळपास चांदीचा असे. पंधरा हजार रुपये म्हणजे आजच्या वजनानें सुमारें १७० किलो चांदी. किंमत अशी ताडून पाहावी : वसई पडल्यावर मराठ्यांचें भय वाटून मुंबईच्या किल्ल्याभोंवतीं खंदक खणण्याचें ठरलें, तेव्हां तेथील व्यापाऱ्यांनीं वर्गणी म्हणून तीस हजार रुपये जमविले. म्हणजे वसईच्या देवळांचें रुपें आणि तोफा मिळून जें कर्ज उभें राहिलें, तें मुंबईच्या पेढ्यांनीं एका खंदकासाठीं काढून दिलेल्या रकमेच्या निम्में.

वेदीवरची वस्तु सावकाराकडे जाणें ही धर्मदृष्टीनें लाजिरवाणी गोष्ट होती काय? तशी ती नव्हती. चौथ्या शतकांत मिलान शहराचा बिशप आंब्रोज यानें युद्धकैद्यांना सोडविण्यासाठीं देवळाचीं पात्रें वितळविलीं, आणि टीका करणारांस त्यानें दिलेलें उत्तर चर्चच्या ग्रंथांतरीं मान्य झालेलें आहे. माणसें वांचविण्यासाठीं रुपें गेलें तर तें सार्थकीं लागलें, असाच त्याचा आशय. वसईच्या पाद्र्यांना हा दाखला ठाऊक असणारच. पण रुपें गेलें तरी माणसें वांचलीं नाहींत. प्रांताचा सेनापति मार्तिन्यु द सिल्व्हैर हा वेढ्यांत मारला गेला, आणि मे १७३९ मध्यें त्याच्या मागून आलेल्या कायतान द सौझा यानें किल्ला स्वाधीन केला. तहांत चिमाजी आप्पानें उदारपणें वागून शिबंदीला शस्त्रांसह, निशाणें फडकावीत बाहेर पडूं दिलें. मागें राहूं इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. फिदाल्गु घराणीं आपल्या बायकामुलांसह आणि हातीं येईल त्या सामानासह होड्यांत बसून गेलीं.

मागें राहिलें तें दगडांवर. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या देवळाच्या जमिनींत आजहि थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर त्या घराण्यांचीं नांवें आणि चिन्हें कोरलेलीं आहेत. मुंबईंतले गोमांतकीय डॉक्टर गेर्सन द कुन्हा यांनीं चौल-वसईवरच्या आपल्या १८७६ सालच्या ग्रंथांत असे पुष्कळ लेख उतरून घेतले. पावसाळ्यांत त्या शिळांवर शेवाळ धरतें आणि पर्यटक त्यांवरून चालत जातात. तरी अक्षरें लागतात.

आणि घंटा राहिल्या. वसई-साष्टीच्या देवळांतल्या घंटा विजयाचें चिन्ह म्हणून मराठ्यांनीं घाटावर नेल्या आणि देवालयांत टांगल्या. नाशकास नारोशंकराच्या मंदिरावर असलेली घंटा १७२१ सालीं ओतलेली आहे. वांईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावरची घंटा पुष्कळांनीं पाहिली असेल. भीमाशंकरासहि अशी एक आहे. या घंटांवर क्रूस आणि सनांचे आंकडे अजून वाचतां येतात. कांशाची वस्तु अवजड असते, वितळविणें त्रासाचें आणि किंमत बेताची; शिवाय वाजविण्याच्या कामीं ती नव्या धन्यासहि उपयोगी पडते. म्हणून ती वांचली. रुप्याचें उलट आहे. तें हलकें, लपविण्यास सोपें, मुशींत तासाभरांत पातळ होणारें, आणि पातळ झाल्यावर कोणाचेंहि होणारें. जी गोष्ट श्रीमंतांनीं सर्वांत मौल्यवान म्हणून दिली, तीच सर्वांत आधीं नाहींशी होते. दगड आणि कांसें त्यांच्या हिशेबीं कमी प्रतीचीं, पण आज नांवें सांपडतात तीं त्यांवरच.

वसईहून जें गेलें तें कसें असेल, याची कल्पना गोमांतकांत येते. तेथें रुप्याचें काम करणारे हात आपलेच होते. गोव्याच्या शेट सोनारांपैकीं रौळू शेट हा तर १५१८ च्या सुमारास लिस्बनला जाऊन प्रत्यक्ष राजा मानुएल याच्यासाठीं काम करून आला. ख्रिस्ती पूजेच्या वस्तु हिंदु कारागिरांकडून करवूं नयेत असा निर्बंध गोव्याच्या १५६७ सालच्या धर्मपरिषदेनें घातला. तो पुढें पुन्हां पुन्हां घालावा लागला, यावरूनच तो किती पाळला गेला तें समजावें. चांगला सोनार सोडून वाईटाकडे जाण्याची बुद्धि पाद्र्यांनाहि झाली नाहीं. विदिगैराचा खजिना म्हणून लिस्बनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ज्या वस्तु आहेत, त्या सोळाव्या शतकाच्या अखेरीस आंद्रे कुतिन्यु या पाद्र्यानें गोव्याहून आपल्याकडील मठास पाठविलेल्या. त्यांवरचें बारीक नक्षीकाम पाहून आपल्याकडचें कोणतेंहि माणूस 'हा तर आपल्या सोनाराचा हात' असें म्हणेल.

याच हातांनीं केलेली सर्वांत मोठी वस्तु म्हणजे सेंट झेव्हियरची रुप्याची पेटी. ती १६३६-३७ मध्यें गोव्यांत घडली. तिच्यामागें मार्सेलो मास्त्रिल्ली हा नेपल्सचा जेझुइट होता. एका जीवघेण्या अपघातांतून आपण संताच्या कृपेनें वांचलों अशी त्याची श्रद्धा होती, आणि पेटी हा त्याचा नवस. तिच्या चारी अंगांस संताच्या चरित्रांतल्या प्रसंगांचे ३२ पत्रे बसविलेले आहेत. २ डिसेंबर १६३७ रोजीं संताचा देह तींत ठेवला गेला. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें धाडला आणि तो १६९८ मध्यें बसविला गेला. राजानें दगड द्यावा आणि साध्या पाद्र्यानें रुपें द्यावें, असा हा उलटा योग.

राजे आणि पाद्री सोडून गांवाकडे आलें कीं दात्याचें रूप पालटतें. गोव्याच्या खेड्यांत दाता म्हणजे पुष्कळदां एक घर नसून गांवकरी. गांवच्या जमिनीची सामायिक मालकी असलेली ही जुनी संस्था धर्मांतरानंतरहि टिकली. देऊळ बांधणें, सण पार पाडणें, पाद्र्याचें वेतन हें तिच्या उत्पन्नांतून होई. तिच्या बरोबरीला कोंफ्रारी, म्हणजे भाविकांचे संघ. कोणत्या कोंफ्रारींत कोणत्या जातीच्या घराण्यांनीं बसावें, कोणीं लाल झगा घालावा, मिरवणुकींत रुप्याचा क्रूस कोणीं धरावा, यावरून वर्षानुवर्षें तंटे चालत. देव बदलला तरी मानपान बदलला नाहीं, असें कोणी थट्टेनें म्हणेल. पण ज्या वस्तूवरून भांडण होतें ती वस्तु लोक जपतात, हेंहि तितकेंच खरें. गांवच्या देवळांचें रुपें पुष्कळ ठिकाणीं आज शाबूत आहे आणि सणाच्या दिवशीं बाहेर निघतें.

मठांच्या रुप्याचें दैव असें नव्हतें. पोर्तुगालांत १८३४ सालीं धार्मिक पंथ बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि १८३५ मध्यें तो गोव्यांत लागू झाला. मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. त्यांत दोनशें-अडीचशें वर्षांचें दान होतें. फक्त सांता मोनिकाच्या जोगिणींना, नवी जोगीण न घेण्याच्या अटीवर, मरेपर्यंत राहूं दिलें. शेवटची जोगीण १८८५ मध्यें वारली. त्या मठांत आज ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. १९९४ सालीं तें राशोल येथें निघालें, २००२ मध्यें येथें आलें. तेथें पेलिकन पक्ष्याच्या आकाराचें एक रुप्याचें पात्र ठेवलें आहे. हा पक्षी आपली छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत. म्हणून तो ख्रिस्ताचें प्रतीक झाला. या संग्रहालयावर जानेवारी २०१२ मध्यें दरोडा पडला आणि पहारेकऱ्याचा खून झाला. रुप्यापायीं वेढ्यांत माणसें मरत तो काळ अगदींच मागें पडला आहे, असें म्हणवत नाहीं.

आतां दुसरी वाट. नगरास आलेल्या मिशनचें मूळ घराणें न्यू इंग्लंडांतलें. त्यांच्यापैकीं पहिल्या तुकडीचा दीक्षाविधि ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील सेलम गांवच्या देवळांत झाला, आणि गॉर्डन हॉल १८१३ मध्यें मुंबईस उतरला. साधेपणाचा एवढा बाणा असलेल्या या लोकांच्या मूळ गांवीं मात्र रुपें भरपूर आहे, आणि त्याची तऱ्हा वेगळी आहे.

या लोकांना वेदीवरचा उंच, नक्षीदार प्याला नको होता. तो त्यांना जुन्या धर्माची खूण वाटे. म्हणून प्रभुभोजनासाठीं ते घरांतलेच पेले, कानाचे कटोरे आणि झांकणाचे तांबे वापरीत. घरीं ज्यांतून पाहुण्यांना पेय दिलें तेंच भांडें मालक वारला कीं मृत्युपत्रानें मंडळीला मिळे. त्यावर आधींच तीन अक्षरें कोरलेलीं असत : वर आडनांवाचें, खालीं एका अंगास नवऱ्याच्या नांवाचें, दुसऱ्या अंगास बायकोच्या. आपल्या घरांत आहेराच्या भांड्यांवर नांव घालून घेतात, त्याची आठवण येथें होईल. ज्या भगिनी ही भाषणें ऐकतात त्यांना सांगावयास नकोच कीं, फडताळांतल्या कोणत्या वाटीवर कोणत्या मावशीचें नांव आहे हें घरांतल्या पुरुषांस कधींच ठाऊक नसतें.

तेथें चलनी रुपें आणि देवळाचें रुपें यांचा संबंध वसईहूनहि उघड आहे. बोस्टनमध्यें १६५२ सालीं टांकसाळ निघाली. ती चालविणारे जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन हे दोघे सोनारच होते, आणि देवळांचे पेलेहि तेच घडवीत. गंगाजळी ठेवावयाची तर ती भांड्यांच्या रूपानें ठेवावी, म्हणजे चोरीस गेली तरी ओळखतां येते, असा तेथील गृहस्थांचा हिशेब. वसईच्या वेढ्यासारखा प्रसंग त्या देवळांवर आला नाहीं, म्हणून नांवेंहि राहिलीं. बोस्टनच्या पहिल्या मंडळीचा एक उंच प्याला लंडनमध्यें १६१०-११ सालीं घडलेला आहे, आणि तो गव्हर्नर विन्थ्रॉप यानें दिल्याचें त्यावर कोरलेलें आहे. त्यापेक्षां हृदयंगम गोष्ट ब्रुकफील्ड गांवची. तेथील एफ्रैम बार्टलेट याची विधवा मेरी हिनें आपल्या मंडळीसाठीं दान ठेवलें; त्यांतून प्रसिद्ध कारागीर पॉल रिव्हीअर यानें १७७२ मध्यें सहा तांबे करून दिले. प्रत्येकावर तिचें नांव, नवऱ्याचें नांव आणि मंडळीचें नांव आहे. तिच्याविषयीं इतिहासाला एरवीं काय ठाऊक असतें? सहा तांब्यांमुळें ती राहिली. आज ते विंटरथरच्या संग्रहालयांत आहेत, म्हणजे ब्रुकफील्डच्या देवळांत नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे.

देवळांतून रुपें जाण्याचें तिकडचें कारण मोठें चमत्कारिक आहे. १८९० नंतर रोगजंतूंची भीति पसरली. एका पेल्याला सर्वांनीं ओठ लावणें नको, म्हणून प्रत्येकास वेगळी इवलीशी पेली देण्याची पद्धत निघाली. जुनें रुपें कपाटांत गेलें, मग पेढीच्या तिजोरींत, मग संग्रहालयांत किंवा लिलांवांत. बोस्टनच्या ओल्ड साउथ मंडळीनें २०१२ मध्यें सभासदांचीं मतें घेऊन आपल्या जुन्या ठेव्यांपैकीं कांहीं विकण्याचा निर्णय केला, तेव्हां त्या ठरावांत रुप्याच्या १९ वस्तुहि होत्या. देवळाच्या जुन्या इमारतीची डागडुजी आणि गरिबांची सेवा यांसाठीं पैसा पाहिजे, असें एक पक्ष म्हणतो. आंब्रोजाचा दाखला त्याच्या बाजूस आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मेलेल्या माणसानें विश्वासानें सोंपविलेली वस्तु विकणारे आपण कोण? दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. पण विकलेल्या तांब्यावरचें नांव तरी वाचतां येतें; मुशींतून गेलेल्यावरचें नाहीं, एवढा फरक राहतोच.

विकायचें कीं ठेवायचें, हा वाद करण्यापूर्वीं काय आहे याची टीप असावी लागते. ई. आल्फ्रेड जोन्स या विद्वानानें तें काम अमेरिकेच्या देवळांसाठीं केलें. गांवोगांवच्या देवळांतल्या प्रत्येक वस्तूचा आकार, तिच्यावरचा लेख, कारागिराचा छाप आणि दात्याची हकीकत यांची नोंद त्याच्या १९१३ सालच्या मोठ्या ग्रंथांत आहे. नगर जिल्ह्यांतल्या देवळांसाठीं एवढा मोठा ग्रंथ नको. येथें रुपें थोडें. परंतु बाकें आहेत, भिंतीवरचीं घड्याळें आहेत, पेट्या, तबकें, जुनीं बायबलें आहेत, आणि त्यांवर कोणाच्या तरी आजीचें, कोणा शिक्षकाचें, कोणा परिचारिकेचें नांव आहे. दोन रविवारच्या दुपारीं एक वही, एक तराजू आणि लिहिणारा एक विद्यार्थी एवढें पुरे होईल. वहींत चार रकाने आंखावे : वस्तु, वजन, सन, आणि नांव जसें कोरलें आहे तसेंच, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासकट.